फटाका सायलेन्सर वेगळा, डिस्क ब्रेक वेगळा

गाडी कंपनीतून आली तशीच वापरावी, घरी पाना घेऊन तिच्या मागे लागू नये आणि भंगारातला पार्ट तर तिला लावूच नये, असं आमच्या वालचंदनगर-जंक्शन पट्ट्यात हल्ली फार ठासून सांगितलं जातं. सांगणारे ऐरेगैरे नाहीत. कोणी उभी हयात कारखान्याच्या शॉपमध्ये घालवून निवृत्त झालेले, कोणी शाळेतले सर, कोणी पोरगं घरी येईपर्यंत डोळ्याला डोळा न लागणाऱ्या आया. आणि या गावात त्या सल्ल्याला जादा धार येते. जिथे इस्रोच्या पीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ यानांच्या घन इंधन मोटारींची कवचं तयार होतात, तिथल्या पोरांनी अंगणात बसून एका गाडीची डिस्क दुसऱ्या गाडीला लावावी, हा त्यांना गावाच्या कारागिरीचा अपमान वाटतो. अचूक काम कशाला म्हणतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी तरी हे उद्योग थांबवावेत, असा एकूण सूर.

यातली काळजी खरी आहे. पण कायदा अर्धवट सांगितला जातो आणि कारागिरीचा मुद्दा तर पार उलटा लावला जातो.

आधी फटाका फोडणाऱ्या सायलेन्सरचं बोलून घेऊ, कारण सगळा राग तिथून सुरू होतो. त्याची बाजू मी घेणार नाही. आतली जाळी काढून गाडी पळायला लागत नाही. उलट खालच्या आरपीएमला ती ओढेनाशी होते. नव्या गाड्यांत तर त्या नादात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच कापून फेकलेला असतो. रात्री दहानंतर दवाखान्यासमोरून फटफट करत जाताना चालवणाऱ्याला जे काही समाधान मिळत असेल, त्याची किंमत आत झोपलेला पेशंट मोजतो. पुण्यात पोलिसांनी असे सायलेन्सर काढून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला, तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा माणसाला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्सला मुकावं लागतं. खुशाल लावा.

पण त्याच रांगेत आणखी कोणाला उभं केलं जातंय ते पाहा. मागे जड स्प्रिंगचे शॉकअप बसवणारा दूधवाला. पुढच्या ड्रमच्या जागी डिस्क घालून रोज बारामती एमआयडीसीत कामाला जाणारा पोरगा. चार गाड्यांचे पार्ट जमवून आजोबांची राजदूत पुन्हा चालती करणारा नातू. हे सगळे ‘मॉडिफिकेशनवाले’, म्हणजे एकाच माळेचे मणी. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हेच, फरक इतकाच की इथे चोरही सुटतो, कारण त्याची गाडी रात्री निघते आणि नाका दिवसा लागतो.

कायद्याचं नाव घेणाऱ्यांनी कलम ५२ एकदा शेवटपर्यंत वाचावं. आरसीवरचा तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, हे त्यात आहेच. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं आणि त्या निकालाच्या बातम्या अजून मोबाइलवर फिरतात. मात्र ‘बदल’ कशाला म्हणायचं तेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. ९८ सीसीच्या आरएक्स १०० ला आरएक्स १३५ चा ब्लॉक-पिस्टन बसवला तर आरसीवरचा आकडा खोटा पडतो. तो बदल बेकायदा, त्यात वाद नाही. पण आरसे, फूटरेस्ट, शॉकअपची स्प्रिंग यांनी गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं का? डिस्कने बदलतं का? इथे कायदा गुळमुळीत आहे, आणि कायदा गुळमुळीत असला की नाक्यावर उभ्या असलेल्या साहेबांची मर्जी हाच कायदा होतो. कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एवढं मोठं हत्यार आणि नेम धरायला काहीच नाही.

मालकाने गाडीला हात लावूच नये, हे तर खुद्द संसदेलाही मान्य नाही. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक सवलत आली. दिव्यांग माणसाला चालवता येईल अशी गाडी, अटी पाळून, त्याला करून घेता येते. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तशा कित्येक स्कूटरींचा जन्म कुठल्यातरी वेल्डरच्या दुकानात झालेला असतो.

बरं, ‘कंपनीतून आली तशी’ गाडी आमच्या भागात आहे कोणाकडे? पहाटे लासुर्णे-बेलवाडीच्या बाजूला रस्त्याकडेला उभं राहून बघा. शंभर सीसीच्या गाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात चाळीस-चाळीस लिटरच्या किटल्या, परत येताना त्याच सांगाड्यावर गवताचा भारा. भरलेल्या दोन किटल्यांतलं नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर जातं, किटल्यांचं वजन वेगळं, चालवणारा वेगळा. कंपनीने ती गाडी दोन माणसांसाठी आखली होती. त्या सांगाड्याची पावती फाडलेली मी ऐकलेली नाही आणि फाडूही नये, कारण या तालुक्यातलं कितीतरी दूध डेअरीपर्यंत त्यावरूनच जातं. मग सांगाडा चालतो, आणि तो पेलायला जड स्प्रिंग लावली की ‘छेडछाड’ होते, हे कसं? मागच्या चक्रीला दोन दात वाढवले, समजा ४२ चे ४४ केले, तर गाडीची ओढ पावणेपाच टक्क्यांनी वाढते आणि जवळपास तेवढाच वरचा वेग कमी होतो. किटल्या घेऊन चढ चढणाऱ्या माणसाला वरचा वेग नकोच असतो. क्लच प्लेट टिकतात आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिन रडत नाही. चाकणच्या किंवा धारूहेड्याच्या इंजिनिअरला यातलं काही कळत नाही असं नाही. त्याला गाडी साऱ्या देशासाठी बनवायची असते, एवढंच.

आणि आता तर सरकारनेच गाडीच्या पोटात हात घातलाय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य आधी २०३० चं होतं. ते अलीकडे ओढलं गेलं आणि आज पंपावर तेच तेल मिळतं. धोरणावर माझी तक्रार नाही. ऊस आमचा, कारखाने आमच्याच भोवतीचे, चार पैसे याच पट्ट्यात येतात. पण विसाव्या शतकातली कार्बोरेटरची गाडी या तेलासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. इंजिन जास्त तापतं, सकाळी चोक ओढून ताटकळावं लागतं. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगा फुगतात नाहीतर तडकतात. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाला पाणी साठून गंज धरतो. मालकाने काय करायचं? जेट एक नंबर मोठा घालायचा, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकायच्या, कार्बोरेटरची पॅकिंग बदलायची, टाकी आतून साफ करायची. हे सगळे बदलच आहेत, आणि ते न करणं हीच गाडीशी खरी छेडछाड. कंपनीला विचारायला जावं तर ते मॉडेल कधीच बंद झालेलं. तेल बदलणारे तेल बदलणार, नियम बदलणारे नियम बदलणार. मालकाने मात्र हात बांधून मूळ स्वरूप जपायचं, हा कुठला न्याय?

सुरक्षिततेचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून तो हुकमाच्या पानासारखा राखून ठेवलेला असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्याच अहवालात कारणंही आहेत: सत्तर टक्क्यांवर मृत्यू अतिवेगाच्या खात्यात, आणि हेल्मेट न घातलेले मृत पन्नास हजार. ज्यांना पोरांच्या जिवाचा खरोखर घोर लागलाय त्यांनी एखाद्या संध्याकाळी जंक्शनच्या चौकात उभं राहून डोक्यावरची हेल्मेट मोजावीत. हाताची बोटं पुरून उरतील.

ब्रेकपुरतं बोलायचं तर सरकारने स्वतःच निकाल दिलेला आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस आणि त्याखालच्या दुचाकीला निदान सीबीएस सक्तीचं झालं. याचा अर्थ, आधीचे ब्रेक कमी पडत होते. पण सक्ती नव्या गाडीपुरती. ज्याला लाखाच्या घरातली नवी गाडी परवडत नाही त्याने जुना ड्रम दाबत बसायचं, आणि त्याने स्वतःच्या खर्चाने बरा ब्रेक बसवला तर त्यालाच गुन्हेगार म्हणायचं. (खरं सांगायचं तर डिस्कसाठी हट्ट धरणाऱ्या निम्म्या लोकांना डिस्कची गरजच नसते. नवे लायनर, ड्रमची सफाई, सुकलेल्या कॅमला थोडं ग्रीस आणि नवी केबल, एवढ्यावर शंभर सीसीची गाडी नीट थांबते. पण डिस्क दिसायला भारी, म्हणून ती हवी. असो.)

डिस्क बसवणं म्हणजे काय, हे नावं ठेवणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून बघावं. नुसती प्लेट ठोकून भागत नाही. डिस्कचा हब वेगळा म्हणून अख्खं चाक बदलतं. कॅलिपर धरायला कान असलेला शॉकअप लागतो, म्हणजे दोन्ही शॉकअप गेले. त्यांची जाडी वेगळी असली तर वरची-खालची टी गेली, आणि नव्या टीचा दांडा चासीच्या मानेत बसायला कोनसेट जुळवावा लागतो. मग अ‍ॅक्सल, मग मीटरच्या केबलचा गिअर, कारण या गाड्यांत मीटर पुढच्या चाकावर चालतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी उचलून आणलेली शॉकअपची नळी घरी आली की पहिलं काम, ती सपाट काचेवर ठेवून बोटाने हलकेच लोटायची. सरळ नळी एका लयीत घरंगळते. वाकलेली नळी टप टप करते आणि तिच्याखालून उजेडाची फट उघडते-मिटते. तेवढी फट दिसली की समजायचं, ही गाडी कुठेतरी समोरून आदळलेली आहे. विकणाऱ्याने घेतलेल्या आणाभाका विसरून नळी परत करायची. सरळ निघाली तर क्रोमवरून नख फिरवायचं. नख अडकलं तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि तो खड्डा ऑइल सील खाणार. सील फाटलं की तेल गळून डिस्कवर येतं, आणि मग डिस्कपेक्षा ड्रम बरा म्हणायची वेळ येते. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर एकाच मॉडेलचे घ्यायचे. एकाचा मास्टर आणि दुसऱ्याचा कॅलिपर जोडला की पिस्टनची मापं जुळत नाहीत. लिव्हर एकतर दाबता दबत नाही, नाहीतर हँडलला जाऊन टेकतो.

होज, पॅड, सील आणि ब्रेक ऑइल हे जुनं घ्यायचं नाही म्हणजे नाही. डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कोणाच्या तरी उघड्या बाटलीतलं उरलेलंही चालत नाही. चेन आणि दोन्ही चक्र्या एकदमच आणि नव्याच. सेकंडहँड टायर घ्यायचाच म्हणणाऱ्याने निदान त्याच्या बाजूचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात मिळत नाही आणि ते गुप्तही नाही. चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली महिनाभर काढला की डोक्यात बसतं.

आता आमच्या बाजूच्यांनाही दोन शब्द. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे साधा रिफ्लेक्टरही न लावता अंधारात चाललेला असतो, म्हणून पुढचा उजेड वाढवावासा वाटणं साहजिक आहे. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब खुपसला की काय होतं? हॅलोजनची तार रिफ्लेक्टरच्या नेमक्या केंद्रावर असते आणि आरशाचा सगळा आकार तिच्यासाठी आखलेला असतो. एलईडीच्या चिप तिथून थोड्या सरकलेल्या, त्यामुळे उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी चारी बाजूंना फेकला जातो. आपल्याला वाटतं लख्ख दिसतंय. समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि तो आपल्या अंगावर येतो. उजेड वाढवायचा तर पूर्ण हेडलाइटच एलईडीसाठी बनवलेला घ्यावा, आणि कॉइल किती वॅट देते ते आधी पाहावं. सांगूनही हे न ऐकणाऱ्यांना दंड झाला तर मी मध्ये पडणार नाही.

चोरीच्या मालाचा आक्षेपही खोटा नाही. सुट्या पार्टवर चासी नंबर नसतो, आणि चोरीची मोटारसायकल सुटी करून विकणारे आहेत. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहेच. म्हणून पावती देणाऱ्याकडूनच घ्यायचं, आणि इंजिनचं केसिंग तर आरसीची नक्कल आणि मालकाचं पत्र असल्याशिवाय हातात धरायचं नाही. पण चोरीच्या भीतीने जुन्या पार्टचा बाजारच बंद करा म्हणणं हे अजबच. सरकारने २०२१ मध्ये गाड्या मोडीत काढण्याचे नियम केले, नोंदणीकृत केंद्रं काढली. तिथे रीतसर मोडलेल्या गाडीचे धडधाकट हब, चाकं, शॉकअप शिक्का मारून पावतीसह विकायला ठेवले, तर चोरबाजाराचं अर्धं गिऱ्हाईक तिकडे वळेल.

राहिला गावाच्या अभिमानाचा मुद्दा. ज्यांच्या नावाने हे गाव आहे त्या वालचंद हिराचंदांना मोटारींचा कारखाना काढायचा होता, तेव्हा दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारने त्यांना दाद दिली नव्हती. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्यात पहिल्या गाड्या परदेशातून आलेले सुटे भाग जोडूनच बाहेर पडल्या. हा इतिहास पुढे करून अंगणातल्या पोराला वालचंदशेठ ठरवण्याचा मोह मी आवरतो. दिसेल त्या जुगाडाला ‘संशोधन’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांचा मला तितकाच कंटाळा आहे. निम्मे जुगाड हे नीट काम करायच्या आळसातून जन्मलेले असतात.

पण रॉकेटच्या कवचाचं उदाहरण त्यांनीच काढलंय, तर ते नीट तपासू. ते कवच भरवशाचं का असतं? शॉपमध्ये आयुष्य काढलेल्यांना मी हे सांगायला नको. तिथला वेल्डर कितीही कसलेला असो, त्याने केलं म्हणून जॉब पास होत नाही. माप घेतलं जातं, वेल्डची तपासणी होते, दाब देऊन पाहिलं जातं, टप्प्याटप्प्याला कोणीतरी सही करतं, आणि सही करणारा माणूस काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. नापास झालेला जॉब परत जातो. ही शिस्त ज्यांच्या अंगात भिनली आहे त्यांनी मोटारसायकलीसाठीही तपासणीच मागायला हवी होती. ते मागतायत काय, तर कामच बंद करा. शॉपमध्ये कधी कोणी असं म्हटलं असतं का?

बाहेरच्या देशांत हा प्रश्न सुटलेला आहे. जर्मनीत आधी मान्यता नसलेला पार्ट लावला तर गाडी टीयूव्हीसारख्या संस्थेकडे नेतात, तिथला तज्ज्ञ ती तपासतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढतो. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किंवा मुळातून बदललेल्या मोटारसायकलींसाठी एमएसव्हीए नावाची वेगळी चाचणी आहे. पास झाली की गाडी रस्त्यावर. आपल्याकडे निम्मी व्यवस्था आधीच आहे. बदलाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची तरतूद त्याच कलम ५२ मध्ये आहे. कमी आहे ती मधली पायरी: काय केलं तर पास, काय केलं तर नापास, याची यादी आणि ते पाहणारा माणूस. ही यादी झाली की विमा कंपनीलाही नोंदवलेल्या बदलाकडे बोट दाखवून दावा फेटाळणं जड जाईल.

परिवहन खात्याकडे माणसं नाहीत, हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. व्यापारी वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रं येतायत, तिथे ब्रेक तपासायचे रोलर असतात आणि हेडलाइटची दिशा मोजायचं यंत्रही. बारामतीच्या कार्यालयाने महिन्यातून एक दिवस दुचाकींना दिला तरी एमएच-४२ ची निम्मी भानगड मिटेल. फुकट नको, फी घ्या. ड्रमची गाडी किती अंतरात थांबते आणि आमची डिस्कवाली किती अंतरात, ते शेजारी-शेजारी लावून मोजा. नापास केली तर ड्रम परत बसवू. तो कोणी टाकून दिलेला नसतो, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेला असतो.